डॉक्टरांनी भाजी लिहून दिली तर: अमेरिकेतल्या ‘प्रोड्यूस प्रिस्क्रिप्शन’ची पायरीपायरीने ओळख

अमेरिकेत आता असे बरेच दवाखाने आहेत, जिथे मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या पेशंटला गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर फळं-भाज्यांचीही चिठ्ठी मिळते. ‘भाज्या खात जा’ हा नुसता सल्ला वेगळा, तो तर कुणीही देतं. इथे त्या भाज्यांचे पैसे दिले जातात. महिन्याला ठरावीक रक्कम भरलेलं कार्ड किंवा कुपनं हातात पडतात. ती ठरलेल्या दुकानात किंवा शेतकरी बाजारात फक्त फळं-भाज्यांवरच चालतात आणि साधारण चार ते सहा महिने हा क्रम चालतो. याला प्रोड्यूस प्रिस्क्रिप्शन म्हणतात. दवाखान्यातल्या पत्रकांवर ‘प्रोड्यूस आरएक्स’ असंही लिहिलेलं दिसेल.

अमेरिकेतला मराठी माणूस म्हणजे सॉफ्टवेअरवाला, असं चित्र आपणच रंगवलेलं आहे. पण पेट्रोल पंपावर, मोटेलमध्ये, किराणा दुकानात तासावर काम करणारे मराठी लोकही इथे आहेत. नोकरी गेल्यावर एका पगारावर आलेली घरं आहेत, मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या बायका आहेत, ग्रीन कार्डावर आलेले आणि मुलाच्या घरी राहूनही औषधांचा खर्च मनात मोजणारे आईवडील आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि महाराष्ट्र मंडळातल्या ज्या कुणाला अशा घरासोबत दवाखान्यात जायची वेळ येते त्यांच्यासाठीही.

आधी एवढं समजून घ्या

ही एक सरकारी योजना नाही. एक फॉर्म भरला, एका खिडकीवर दिला आणि काम झालं, असं इथे नसतं. देशभरात असे शेकडो छोटे कार्यक्रम आहेत आणि प्रत्येकाचा पैसा वेगळ्या खिशातून येतो. मोठा खिसा केंद्रीय कृषी खात्याचा. २०१४ च्या फार्म बिलात (शेती आणि अन्नमदतीचा केंद्रीय कायदा) गरीब कुटुंबांच्या फळं-भाज्यांसाठी एक अनुदान सुरू झालं, २०१८ च्या बिलात त्याला गस शूमाकर यांचं नाव मिळालं (त्यांची गोष्ट पुढे येते) आणि त्यात प्रोड्यूस प्रिस्क्रिप्शनचा वेगळा भाग आला. त्याला थोडक्यात ‘गसनिप’ म्हणतात. काही राज्यांत मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या पैशांतून हे चालतं. कॅलिफोर्नियात मेडी-कॅलच्या (तिथल्या मेडिकेडच्या) काही प्लॅनमधून असा आहार मिळू शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थने (तिथल्या मेडिकेडने) २०२० पासून अशा सेवांना पैसे द्यायला सुरुवात केली. बाकी ठिकाणी एखादं हॉस्पिटल, एखादी धर्मादाय संस्था किंवा शहराचं आरोग्य खातं खर्च उचलतं.

याचा तुमच्यावर होणारा परिणाम सरळ आहे. शेजारच्या काउंटीत जे मिळतं ते तुमच्या पिनकोडवर मिळेलच असं नाही, आणि मागच्या वर्षी जे होतं ते यंदा असेलच असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनात मेडिकेडमधून अन्न देणारा मोठा प्रयोग २०२२ मध्ये सुरू झाला आणि राज्याने पैसे न दिल्यामुळे जुलै २०२५ मध्ये थांबला. म्हणून कुणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. फोन करून ‘सध्या नवीन नावं घेताय का?’ हेच विचारा.

कल्पना मात्र नवी नाही. १९६० च्या दशकात मिसिसिपीच्या डेल्टा भागात, माउंड बायू गावी, जॅक गायगर या डॉक्टरांनी एक लोकांचा दवाखाना उभारला. तिथे येणारी मुलं आजारी होती ती उपासमारीमुळे. डॉक्टरांनी चक्क अन्न लिहून द्यायला सुरुवात केली: गावातल्या किराणा दुकानात चिठ्ठी दाखवायची, सामान न्यायचं, बिल दवाखान्याच्या औषधखात्यावर. वरून विचारणा झाली की औषधांचे पैसे किराणा मालावर कसे? त्यावर गायगर यांचं उत्तर होतं की कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे, पुस्तकात तरी तसंच दिलंय. गस शूमाकर यांचीही एक गोष्ट सांगतात. १९८० मध्ये बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात ते भावाला बाजारात मदत करत होते. पेअरची पेटी फुटली, फळं गटारीच्या कडेला गेली आणि एक बाई मुलांसह ती वेचू लागली. तिच्याकडे सरकारी मदतीची कुपनं होती, पण त्यांत ताजी फळं परवडत नव्हती. शूमाकर शेतकऱ्याच्या घरचे होते, पुढे केंद्रीय कृषी खात्यात वरच्या पदावर गेले, आणि २००७ मध्ये शेफ मिशेल निशान यांच्याबरोबर त्यांनी ‘होलसम वेव्ह’ ही संस्था काढली. आजचे बरेच कार्यक्रम याच संस्थेच्या वळणाने चालतात.

फायदा होतो का? २०२३ मध्ये १२ राज्यांतल्या २२ ठिकाणच्या ३,८८१ लोकांचा अभ्यास छापून आला. महिन्याला साधारण साठेक डॉलर आणि चार ते दहा महिने असा हिशेब होता. मोठी माणसं रोज पाऊण कपाहून जास्त भाजी-फळं खाऊ लागली, मधुमेहींची एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) थोडी उतरली, आणि महिनाअखेरीला अन्नाची चणचण भासण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी मधुमेहींवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात, ज्यात भाजीच नव्हे तर आठवड्याची दहा जेवणं होतील इतकं सामान आणि आहारतज्ज्ञाची मदतही दिली होती, मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांची साखर जवळपास सारखीच उतरली. माझं मत विचाराल तर साखरेच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. महिन्याला साठ डॉलरची भाजी घरात येते आणि तेवढे पैसे भाड्याला किंवा औषधाला मोकळे होतात, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

पहिली पायरी: आपण बसतो का ते बघा

गसनिपच्या पैशांवर चालणाऱ्या कार्यक्रमात दोन अटी असतात. एक पैशाची: घर स्नॅपला (सरकारी अन्नमदत, जिला लोक अजून फूड स्टॅम्प म्हणतात) पात्र असावं किंवा तुम्ही मेडिकेडवर असावं. दुसरी तब्येतीची: खाण्याशी संबंधित आजार असावा किंवा तो होण्याचा धोका असावा. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वाढलेलं वजन, गर्भारपणातली साखर हे सगळं यात येतं. हॉस्पिटलच्या किंवा संस्थेच्या पैशांवरचे कार्यक्रम बऱ्याचदा पैशाची अट सैल ठेवतात. तिथे ‘अन्न पुरत नाही’ हे तुम्ही सांगणं पुरतं.

उत्पन्नाचा अंदाज यावा म्हणून: २०२५ साली चौघांच्या कुटुंबासाठी केंद्राची दारिद्र्यरेषा वर्षाला ३२,१५० डॉलर होती (अलास्का आणि हवाई वेगळे). स्नॅपची मर्यादा साधारण तिच्या १३० टक्क्यांपासून सुरू होते, काही राज्यांत २०० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे दोघं कमावत असले तरी तासाचा दर कमी असेल तर तुम्ही आत असू शकता. स्वतःच स्वतःला बाद करू नका.

तब्येतीच्या अटीबद्दल एक खास आपल्या कामाची गोष्ट. भारतीय माणसाला कमी वजनावरही मधुमेह गाठतो. म्हणून अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई लोकांसाठी तपासणीची बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) मर्यादा २५ ऐवजी २३ केली आहे. तुम्ही अंगाने बारीक दिसता म्हणून डॉक्टरने साखर तपासली नसेल, तर हा मुद्दा तुम्हीच काढा. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ मध्ये आली तर ती प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि बऱ्याच कार्यक्रमांत तेवढंही चालतं.

दुसरी पायरी: कार्यक्रम शोधा

गूगलवर ‘प्रोड्यूस प्रिस्क्रिप्शन’ आणि गावाचं नाव टाकून बघा, पण तिथेच थांबू नका. पानं जुनी असतात. खरी माहिती माणसांकडे असते.

आधी तुमचाच दवाखाना. डॉक्टरला विचारण्याआधी रिसेप्शनवर सोशल वर्कर किंवा ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’ आहे का विचारा. डॉक्टरच्या हातात तुमच्यासाठी पंधरा मिनिटं असतात. कुठल्या कार्यक्रमात जागा आहे हे हेल्थ वर्करला पाठ असतं. तुमचा नेहमीचा दवाखानाच नसेल, तर जवळचं सरकारमान्य ‘कम्युनिटी हेल्थ सेंटर’ शोधा. ही केंद्रं विमा नसलेल्यांनाही घेतात, फी उत्पन्नाप्रमाणे कमी करतात, आणि भाजीच्या चिठ्ठ्या देणारे बरेच दवाखाने हेच असतात.

मेडिकेडवर असाल तर कार्डाच्या मागे ‘मेंबर सर्व्हिसेस’चा नंबर असतो. तिथे फोन करून अन्नाशी संबंधित काय फायदे आहेत ते विचारा. पहिला माणूस ‘असं काही नाही’ म्हणाला तर ‘केस मॅनेजर’कडे जोडून द्यायला सांगा. त्याशिवाय जवळपासच्या मदतीची माहिती देणारा २११ हा नंबर आहे. तो बहुतेक ठिकाणी फुकट लागतो आणि तिथे दुभाषाही मागता येतो. शेवटची जागा म्हणजे शनिवार-रविवारचा शेतकरी बाजार. तिथे माहितीच्या तंबूत बसलेल्या माणसाकडे कुठल्या दवाखान्याची कुपनं येतात हे त्याला रोजच्या व्यवहारातून ठाऊक असतं. ही वाट कुणी सांगत नाही, पण बऱ्याचदा तीच सगळ्यांत लवकर पोचवते.

तिसरी पायरी: दवाखान्यातले दोन प्रश्न

इथे मला जरा थांबायचंय, कारण आपली माणसं नेमकी इथेच अडतात.

तपासणीच्या आधी नर्स एक फॉर्म देते किंवा टॅबलेट पुढे करते. त्यात धूम्रपान, तोल जाऊन पडणं, घरातली सुरक्षितता यांच्या मध्येच दोन प्रश्न असतात. त्यांचा मतलब असा: गेल्या बारा महिन्यांत, पुढचे पैसे हाती यायच्या आत घरातलं अन्न संपेल अशी काळजी तुम्हाला वाटली का? आणि आणलेलं अन्न पुरलं नाही, वर आणायला पैसेही नव्हते, असं झालं का? उत्तरं तीन: ‘बरेचदा’, ‘कधीकधी’, ‘कधीच नाही’. बहुतेक दवाखान्यांत यांतल्या एकाला जरी ‘कधीकधी’ म्हटलं तरी तुमचं नाव पुढे जातं. दोन्हींना ‘कधीच नाही’ म्हटलं की त्या दिवशीपुरता विषय संपला.

आता आपल्या घरातल्या काकूंना हा प्रश्न विचारून बघा.

‘काकू, कधी काळजी वाटली का, किराणा संपेल म्हणून?’

‘छे गं. भागतं आमचं. देवाच्या दयेने काही कमी नाही.’

मग जरा वेळाने चहा पिताना कळतं की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरी फक्त वरण-भात आणि लोणचं असतं, भाजी ‘परवडेल तेव्हा’, आणि काकांची शुगरची गोळी त्या एक दिवसाआड देतात. काकू खोटं बोललेल्या नाहीत. परक्या माणसापुढे घरातलं उणं काढायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. पण फॉर्मला ते कळत नाही.

म्हणून सोबत जाणाऱ्याने प्रश्न आधीच घरी समजावून सांगावा. तो उपाशी राहण्याबद्दल नाही, काळजीबद्दल आहे. तांदूळ असतील पण भाजी नसेल, मुलांना मिळतं पण आई कमी खाते, भाडं भरल्यावर किराण्याला हात आखडतो, हे सगळं ‘कधीकधी’त येतं. हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, तुमच्याकडे बघून नाही. आणि सासू किंवा सून शेजारी बसलेली असेल तर खरं उत्तर निघत नाही. फॉर्म एकटीने भरू द्या.

भाषेचं म्हणाल तर सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषा फुकट द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर’ एवढं सांगा. आपल्या नोंदीत भाषा म्हणून ‘हिंदी’ टाकलेली असू शकते. ती बदलून घ्या. दुभाषा बहुतेक फोनवरच असतो, चालतं. दहा वर्षांच्या नातवाला मात्र दुभाषा करू नका. आजीला पैसे पुरत नाहीत, हे त्याच्या तोंडून वदवून घेणं बरं नाही.

फॉर्मवर ते प्रश्नच नसतील तर तुम्ही तोंडाने काढा: ‘डॉक्टर भाज्या खायला सांगतात, पण त्या परवडत नाहीत. काही मदत आहे का?’ इतकं साधं वाक्य पुरतं.

चौथी पायरी: नाव नोंदवताना

नोंदणीला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मेडिकेडचं किंवा ईबीटीचं (ज्यावर स्नॅपची रक्कम जमा होते ते) कार्ड मागतात. पगाराच्या स्लिपा मागतीलच असं नाही, पण जवळ असू द्या. एक लांब प्रश्नावली येते: आठवड्यात किती वेळा सॅलड, किती वेळा बटाटा, किती वेळा ‘बीन्स’. आमटी-उसळ कुठल्या खान्यात टाकायची हा प्रश्न पडतो, कारण ती प्रश्नावली आपल्या ताटाकडे बघून केलेली नाही. जमेल तसं भरा, अडलं तर विचारा. शेवटी हीच प्रश्नावली पुन्हा येते आणि ती भरून दिली नाही तर काही ठिकाणी शेवटची रक्कम अडते.

सही करण्याआधी चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: महिन्याला किती डॉलर, कुठल्या दुकानांत, किती महिने, आणि न वापरलेले पैसे पुढच्या महिन्यात जातात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असतं. स्वयंपाकाचे वर्ग किंवा आहारतज्ज्ञाची भेट सक्तीची आहे का तेही बघा. कामाच्या वेळा आड येत असतील तर फोनवर किंवा व्हिडिओवर होतं का विचारा. बऱ्याचदा होतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पाचवी पायरी: दुकानात

रूपं वेगवेगळी असतात. कुठे कागदी कुपनं, कुठे डेबिट कार्डासारखं कार्ड (बोस्टनच्या ‘अबाउट फ्रेश’ संस्थेचं ‘फ्रेश कनेक्ट’ हे त्यातलं एक), कुठे दुकानाच्या सभासद-नंबरालाच रक्कम जोडलेली, तर कुठे दवाखान्यातच भाजीची पेटी भरून देतात. नवाहो या मूळ अमेरिकी लोकांच्या प्रदेशात गर्भवती आणि लहान मुलांच्या घरांना मिळणारी कुपनं गावातल्या छोट्या दुकानांतही चालतात, कारण तिथे सुपरमार्केट तासाभराच्या अंतरावर असतं.

सुपरमार्केटमध्ये कार्ड वापरायची रीत अशी. पट्ट्यावर माल ठेवताना फळं-भाज्या एका बाजूला, दूध-पाव-तांदूळ दुसऱ्या बाजूला ठेवा. कॅशिअरला सुरुवातीलाच सांगा की आधी प्रोड्यूस कार्ड, मग ईबीटी, मग उरलेलं रोख किंवा डेबिटने. हा क्रम चुकला तर ज्या भाजीला फुकट कार्ड होतं तिचे पैसे ईबीटीतून कापले जातात. सेल्फ-चेकआउटला हे कार्ड अनेकदा चालत नाही, माणूस असलेल्या रांगेत उभे राहा. गर्दीच्या वेळी मागचे लोक सुस्कारे टाकतात, तर पहिल्या वेळी सकाळचीच वेळ धरा.

मशीन भाजी ओळखतं ते आकड्यावरून. सुट्या फळाला चिकटवलेल्या स्टिकरवर चार आकडे असतात, केळ्याचे ४०११. सेंद्रिय असेल तर सुरुवातीला ९ लागतो आणि पाच आकडे होतात. स्टिकर निघून पडला असेल तर कॅशिअर अंदाजाने काहीतरी दाबतो आणि कार्ड ‘नाही’ म्हणतं. फळांचा रस, ड्रेसिंग घातलेलं सॅलड, तळलेले चिप्स हे बहुतेक ठिकाणी बसत नाही. फ्रोझन आणि डब्यातल्या भाज्या काही कार्यक्रमांत चालतात, त्यात साखर, मीठ, तेल घातलेलं नसावं अशी अट असते. काही ठिकाणी फक्त ताजंच. नाकारलेली वस्तू बाजूला काढा, वाद घालू नका, पावती मात्र जपून ठेवा. खाली शिल्लक छापलेली असते, आणि तक्रार करायची झाली तर हेल्थ वर्कर तीच पावती मागतो.

शेतकरी बाजारात थेट गाड्यावर जायचं नाही. आधी माहितीच्या तंबूत कार्ड किंवा कुपन दाखवायचं, तिथे लाकडी नाहीतर प्लास्टिकचे टोकन मिळतात, ते गाड्यावर द्यायचे. सुटे परत मिळत नाहीत, तेव्हा पाच डॉलरच्या टोकनाला पाच डॉलरची भाजी भरून घ्या. बाजार संपायच्या अर्ध्या तासात गेलात तर शेतकरी आपणहून जुडी जास्त घालतात.

आपलं नेहमीचं देशी दुकान या यादीत क्वचितच असतं. हा या सगळ्या व्यवस्थेतला मला सर्वांत खटकणारा दोष आहे. मेथी, कारली, शेवगा जिथे मिळतो तिथेच कार्ड चालत नाही. पण मिनेसोटात किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या बाजूला राहत असाल तर आग्नेय आशियातून आलेल्या मोंग शेतकऱ्यांचे गाडे शोधा. त्यांच्याकडे कारली, दुधी, चवळीच्या लांब शेंगा, मिरच्या असतात.

साठ डॉलरची भाजी आपल्या स्वयंपाकात

आठवड्याला पंधरा डॉलर येतात. दवाखान्याच्या पत्रकात केलचं सॅलड आणि बेरींचं स्मूदी असतं. ते वाचून आजी पत्रक बाजूला ठेवून देतात. तेव्हा इथली भाजी आपल्या कढईत कशी जाते ते सांगते.

स्विस चार्ड घ्या. चिंच-गूळ, शेंगदाणे आणि डाळ घालून त्याची पातळभाजी छान होते, देठही बारीक चिरून त्यातच. कोलार्डची रुंद पानं अळूवड्यांना चालतात. शिरा थोड्या तासून घ्या आणि पीठ लावायच्या आधी पानं वाफेवर जराशी नरम करा, नाहीतर गुंडाळताना फाटतात. केल कच्चं खायची सक्ती नाही. बारीक चिरून थालीपिठाच्या भाजणीत मळलं तर मुलांना पत्ताही लागत नाही. मुळा आणि बीट नेहमी पाल्यासकट घ्या, पैसे एकाचेच आणि भाज्या दोन: मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, बीटच्या पाल्याची लसणाची. बटरनट स्क्वॉश म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचाच भाऊ, भरीत करा. झुकिनीला पाणी सुटतं म्हणून मुगाची डाळ घालून कोरडी करा. ‘ओपो स्क्वॉश’ असा बोर्ड दिसला तर तो दुधीच. कोलराबी म्हणजे नवलकोल. कोबी आणि गाजर जास्त घेऊन ठेवा, ती तीन आठवडे टिकतात आणि महिनाअखेरीला तीच हाताशी येतात.

डाळी, कडधान्यं, तांदूळ या कार्डावर सहसा बसत नाहीत. ते स्नॅपवर घ्या, तेवढी स्नॅपची रक्कम भाजीतून मोकळी झालेली असतेच. फळांत स्ट्रॉबेरीपेक्षा संत्री, पेरू, सफरचंद हे पोटभरीचं.

औषधं चालू असतील तर डॉक्टरला न विचारता ताट एकदम बदलू नका. इन्सुलिन किंवा साखर जोरात उतरवणारी गोळी चालू असताना भात-पोळी निम्मी करून भाजी वाढवली तर साखर फार खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नाही, पण एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असंही करायचं नाही. प्रमाण एकसारखं ठेवायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पालक, बटाटा, केळी, टोमॅटो यांतल्या पोटॅशियमचं बघावं लागतं. अशा पेशंटने यादी आहारतज्ज्ञाकडून बनवून घ्यावी.

व्हिसाचा प्रश्न

हा सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी मोठ्याने विचारत नाही. दवाखान्याच्या किंवा संस्थेच्या पैशांवरचे बरेच कार्यक्रम इमिग्रेशनबद्दल विचारतच नाहीत. स्नॅपचं तसं नाही: एचवन, एचफोर, एफवनवाल्यांना तो मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्या प्रौढांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं. अठरा वर्षांखालच्या ग्रीन कार्डधारक मुलांना ही अट नाही, आणि इथे जन्मलेलं मूल नागरिक असल्याने त्याच्यापुरता अर्ज पालक करू शकतात. आईवडिलांना तुम्ही स्पॉन्सर केलं असेल तर त्यांच्या स्नॅप किंवा मेडिकेडच्या अर्जात तुमचंही उत्पन्न मोजलं जाऊ शकतं.

‘पब्लिक चार्ज’ची, म्हणजे सरकारी मदतीवर विसंबणारा ठरवून ग्रीन कार्ड नाकारण्याची भीती आहेच. २०२२ च्या नियमाप्रमाणे स्नॅप आणि डब्ल्यूआयसी (गर्भवती, बाळंतीण आणि लहान मुलांसाठीची अन्नमदत) त्यात धरले जात नाहीत, पण हा नियम मागे घेण्याच्या हालचाली २०२५ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर स्नॅपवर सही करण्याआधी एखाद्या मोफत कायदेशीर मदत केंद्रात त्या आठवड्याची परिस्थिती विचारा. व्हॉट्सॲपवर आलेल्या मेसेजवरून निर्णय घेऊ नका, ना इकडचा ना तिकडचा.

सहा महिने संपल्यावर

कार्ड बंद होतं तेव्हा कुणी फोन करत नाही, एक दिवस ते चालत नाही एवढंच. म्हणून पाचव्या महिन्यातच हेल्थ वर्करला दोन गोष्टी विचारा: मुदत वाढते का, आणि घरातल्या दुसऱ्या पात्र माणसाचं नाव घालता येतं का.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गर्भवती किंवा बाळंतीण असेल तर डब्ल्यूआयसीला अर्ज करा. त्यात इमिग्रेशनची अट नाही, उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के आहे, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने चौघांच्या घराला सुमारे ५९,५०० डॉलर. फळं-भाज्यांसाठी त्यात वेगळी रक्कम असते. २०२४ मध्ये ती मुलाला महिन्याला २६ डॉलर आणि स्तनपान करणाऱ्या आईला ५२ डॉलर होती. स्नॅप असेल तर भाजीवर दुप्पट रक्कम देणारे कार्यक्रम शोधा. डेट्रॉइटमध्ये २००९ साली सुरू झालेला ‘डबल अप फूड बक्स’ आता बऱ्याच राज्यांत आहे, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ‘हिप’ नावाने शेतकऱ्याकडून घेतलेल्या भाजीचे पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत ईबीटीवर परत जमा होतात.

साठीच्या पुढच्या आईवडिलांसाठी कमी उत्पन्न असेल तर शेतकरी बाजाराची वेगळी ‘सीनिअर’ कुपनं असतात. ती काउंटीच्या वृद्ध सेवा कार्यालयात मिळतात. बहुतेक ठिकाणी ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाटतात, पहिल्या येणाऱ्याला पहिली, आणि संपली की त्या वर्षापुरती संपली. फोन एप्रिल-मे मध्येच करा.